घरी हलका, हॉलमध्ये जड: एअर रायफलचा ट्रिगर पावसाळ्यात पुन्हा पुन्हा का अडतो

जून संपत आला की आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये एक वाक्य रोज कानावर पडतं, "सर, सेकंड स्टेज लागतच नाहीये." पहिला टप्पा ओढून झाल्यावर बोट जिथे स्पष्ट अडायला हवं तिथे अडत नाही. चाप ओल्या मातीतून ओढल्यासारखा सरकत राहतो आणि शॉट नेमका कधी सुटला ते नेमबाजाला कळत नाही. मग कुणीतरी ॲलन की काढतं, एक स्क्रू पाव फेरा आत, दुसरा अर्धा फेरा बाहेर. दोन दिवस बरं वाटतं, पुढच्या आठवड्यात तीच तक्रार परत.

क्लबच्या रायफलींची देखभाल माझ्याकडे आहे. इतके पावसाळे पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की या तक्रारीत बहुतेक वेळा ट्रिगर बिघडलेला नसतो, मळलेला असतो. मळलेल्या ट्रिगरचे स्क्रू फिरवले की मळ आत तसाच राहतो आणि मूळची सेटिंगही जाते. आधी एक दुखणं होतं, आता दोन झाली.

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याबाहेरचं प्रत्येक वर्तुळ २.५ मिलिमीटर रुंद. गुण दशांशात मोजतात, सर्वांत चांगला शॉट १०.९. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे. चाप सुटण्याची वाट बघत नेमबाज दोन-तीन सेकंद जास्त थांबला की डोळा थकतो, श्वास ताणला जातो, नळी हलायला लागते. शॉटमागे ०.२ गुण गेले तरी ६० शॉटला १२ गुण होतात. राज्य स्पर्धेच्या निकालात १२ गुणांच्या फरकात किती नावं बसतात, हे यादी वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२२ मध्ये ठाण्याच्याच रुद्रांक्ष पाटीलनं कैरोत या प्रकाराचं जगज्जेतेपद मिळवलं. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या बऱ्याच पालकांनी मोठी रक्कम घालून रायफल घेतली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. रायफल महाग असते, पण तिच्या ट्रिगरची निगा स्वस्तात होते.

एका रायफलीची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी डोंबिवलीहून यायची. तिची तक्रार जरा वेगळी होती. घरी ड्राय फायर (छर्ऱ्याशिवाय सराव) करताना ट्रिगर अगदी छान, हॉलमध्ये आल्यावर अर्ध्या तासात जड. मी ट्रिगरचं युनिट बाहेर काढून साफ केलं. पंधरा दिवस उत्तम चाललं, मग पुन्हा तेच. परत साफ केलं. तिसऱ्यांदा ती रायफल घेऊन समोर उभी राहिली तेव्हा मी ॲलन कीला हातच लावला नाही, आधी ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला किती भार लागतो ते, घेतलं.

हॉलचा एसी २१ अंशांवर होता. लागोपाठ आकडे आले १३२, १४१, १२८, १४५ ग्रॅम. मग रायफल पेटीत घालून, पेटी बंद ठेवून एसी नसलेल्या खोलीत तासभर ठेवली आणि पुन्हा मोजलं. ११२, ११०, १११. सेटिंग तीच, हात तोच, फरक फक्त तापमानाचा. गारठ्यात घट्ट होणारं काहीतरी आत आहे, एवढं तिथेच कळलं. युनिट उघडं करून भिंगाखाली धरलं तर चापाच्या पिनेजवळ आणि सिअरच्या (शॉट सुटेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या तुकड्याच्या) कडेला पांढुरका, मेणासारखा थर दिसला. टूथपिकच्या टोकानं थोडासा उचलून बोटावर घेतला. क्षणात वितळला, आणि वास आला. खोबरेल.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. डोंबिवलीच्या घरात पावसाळ्यात पारा त्याच्या वरच असतो, म्हणून तिथे ते पातळ. एसीत आलं की थिजतं. मुलीचे आजोबा गिरणीत फिटर होते. दर दुसऱ्या रविवारी ते नातीची रायफल पुसायचे आणि मायेनं ट्रिगरवर एक थेंब सोडायचे. त्यांना भेटलो तेव्हा म्हणाले, "मशीन म्हटलं की तेल आलंच ना, सर. तीस वर्षं साच्यांना तेल घातलंय मी."

साच्याच्या, म्हणजे गिरणीतल्या मागाच्या, बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. तिथे दांडा भाराखाली दिवसभर फिरतो, त्याला तेलाचा थर हवाच. ट्रिगरमधली सिअरची कड मात्र एका शॉटला मिलिमीटरभरही सरकत नाही. तिथे दोन घासून गुळगुळीत केलेल्या कडा एकमेकींवर टेकलेल्या असतात, आणि त्या एकमेकींवरून निसटतात तो क्षण म्हणजे दुसरा टप्पा. त्यांच्यामध्ये तेल, मेण, धूळ, काहीही आलं की निसटणं लांबतं आणि बोटाला तीच ओल्या मातीची जाणीव होते. एवढं बोलणं झाल्यावर आजोबा लगेच म्हणाले, "म्हणजे कोरडं ठेवायचं." त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आधी तपासा, स्क्रू नंतर

कुठलीही तपासणी करण्याआधी रायफलमध्ये छर्रा नाही हे स्वतः डोळ्यांनी पाहा, वजन घेण्याची वेळ सोडली तर नळी टार्गेटच्या दिशेला ठेवा आणि रायफल नुसती ठेवलेली असेल तेव्हा सेफ्टी फ्लॅग (नळीत छर्रा नाही हे दाखवणारी पट्टी) आत असू द्या. खालचं सगळं ड्राय फायरवर होतं.

वजन घ्यायला महागडं उपकरण लागत नाही. पुठ्ठ्याचा छोटा पेला घ्या, त्याला दोऱ्याचा फास बांधा. रायफल कॉक करून (म्हणजे शॉटसाठी ताणून) नळी सरळ वर धरा आणि जिथे तुमचं बोट बसतं तिथेच चापावर फास अडकवा. आता पेल्यात चमच्यानं साबुदाणा टाकत जा. सुरुवातीला चाप सरकून दुसऱ्या टप्प्याला टेकेल, तेवढं पहिल्या टप्प्याचं वजन. पुढे अगदी दाणा-दाणा टाका. टिक झाली की पेला सोन्याच्या छोट्या काट्यावर ठेवून आकडा लिहा. असं दहा वेळा करा. खरं निदान आकडा किती आला यात नसतं, तो किती हलतो यात असतं. एअर रायफलचे नेमबाज ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात, कुणी कमी, कुणी जास्त, तो ज्याच्या त्याच्या बोटाचा प्रश्न. पण दहा आकड्यांत चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त चढउतार दिसला तर आत काहीतरी घासतंय. आकडे स्थिर आहेत पण सगळेच नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी आहेत, तर मात्र स्क्रू सरकला असण्याची शक्यता मोठी.

दुसरी तपासणी मोबाइलवर. चापाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. पहिला टप्पा ओढा आणि शॉट न सोडता बोट हळूच मागे घ्या. चाप बोटाला चिकटून परत यायला हवा. तो मागे रेंगाळला, किंवा शेवटच्या केसभर अंतरात थांबून मग सरकला, तर पिनेवर चिकट तेल साठलंय किंवा स्प्रिंगच्या वेढ्यात धागा अडकलाय. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही, व्हिडिओत लख्ख दिसतं.

तिसरी तपासणी सुरक्षेची. रायफल कॉक करा, चापाला हात लावू नका आणि बटच्या (खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या) रबरावर तळव्यानं दोन-तीन दणके द्या. ट्रिगर सुटता कामा नये. सुटला, किंवा कॉक करतानाच कधी आपोआप सुटत असेल, तर सिअरची पकड फार कमी झाली आहे. ती रायफल त्या क्षणापासून बंद. "आजचा सराव उरकून घेतो" हे इथे चालणार नाही.

शिवाय दोन गोष्टी अशा आहेत ज्यांत ट्रिगरचा काही दोष नसतो, पण तक्रार हुबेहूब तीच असते. एक म्हणजे चापाची पट्टी धरणारा स्क्रू ढिला होणं. पट्टी चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. दुसरी, ग्रिप नुकतीच बदलली किंवा तासली असेल तर बोटाचं मधलं पेर लाकडाला टेकतंय का ते बघा. बोट लाकडाला घासत ट्रिगर ओढला की दुसरा टप्पा जाणवतच नाही. मागे एका मुलाच्या रायफलीवर मी अख्खा दिवस घालवला आणि कारण हे निघालं.

साफ करताना

घाण आहे हे नक्की झालं की मग साफसफाई. हवेचा सिलिंडर काढा. तो काढल्यावरही रेग्युलेटरमागे थोडी हवा उरलेली असते, म्हणून टार्गेटच्या दिशेनं छर्ऱ्याशिवाय शॉट सोडत राहा, आवाज फुसका होत होत नुसती टिक उरेपर्यंत. मग स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या सांगाड्याचे, बोल्ट सोडून ॲक्शन (नळी आणि ट्रिगर असलेला भाग) बाहेर काढा. प्रत्येक पायरीला फोटो घ्या. ट्रिगरच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर बारीक मार्करनं एक सलग रेघ मारा. पुढे कधीही स्क्रू हलला की रेघ तुटलेली दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वर्षभर पुरतं.

पंखा बंद, टेबलावर पांढरं कापड, कडेला दिवा. आधी कोरडी सफाई. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी रबरी फुग्याचा ब्लोअर मिळतो, त्यानं फुंकर मारा. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं, आणि जोर इतका की कचरा बाहेर येण्याऐवजी आत खोल बसतो. रायफलच्या सिलिंडरची हवा तर कधीच नाही, पूर्ण भरला की त्यात २०० बारचा दाब असतो. मग मुलांच्या वॉटर कलरचा बारीक ब्रश घेऊन कडा, पिना, स्प्रिंगचे वेढे झाडा. काय निघतंय तेही नीट बघा. शूटिंग जॅकेटच्या कॅनव्हासचे आणि ग्लोव्हचे तंतू असतात, शिशाची करडी भुकटी असते. ही भुकटी फुंकू नका, ओल्या कापडानं टिपून घ्या आणि नंतर हात साबणानं धुवा.

कोरड्या सफाईनं भागलं तर तिथेच थांबा. चिकटपणा उरला असेल तरच द्रव वापरा. मी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. ब्रशचं टोक बुडवायचं, कापडावर टिपायचं आणि मग ओलसर टोकानं फक्त धातूच्या कडा पुसायच्या. ओतायचं नाही, कारण रबरी सील आणि लाकडावरचं पॉलिश यांना ते सोसेलच असं नाही. ७० टक्क्यांचं घेऊ नका, उरलेलं ३० टक्के पाणी असतं. करोनाच्या वेळचं उरलेलं सॅनिटायझर तर नकोच. हाताला मऊपणा यावा म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असायचं. अल्कोहोल उडून जातं आणि ग्लिसरीनचा चिकट पापुद्रा मागे राहतो. जवळपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही पेटलेलं नसावं. पुसून झाल्यावर अर्धा तास तसंच उघडं वाळू द्या.

तेलाबद्दल मी फार कडक आहे. गंजलेले नट सोडवायला जो स्प्रे मिळतो तो ट्रिगरवर मारणारे बरेच भेटतात. दोन दिवस ट्रिगर लोण्यासारखा चालतो, म्हणून ते खूश असतात. त्यातलं पातळ द्रावण उडून गेलं की मागे थर राहतो आणि त्याच थरावर जॅकेटचे तंतू बसतात. शिवणयंत्राचं तेल त्याहून बरं, पण जास्त झालं की तेही धूळ धरतं. पुस्तिकेत तेलाची जागा दाखवली असेल तर तेवढ्याच पिनेवर, शिवायच्या सुईच्या टोकावर मावेल तेवढं हलकं सिंथेटिक तेल. पुस्तिका गप्प असेल तर काही लावू नका. सिअरच्या कडेला पॉलिश पेपर लावायचा विचारही करू नका. त्या कडेचा कोन आणि वरचा कडक केलेला थर हाच ट्रिगरचा प्राण आहे. एकदा घासून गेलेला धातू परत येत नाही.

जोडताना स्टॉकचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळा, अंदाजानं नाही. जास्त आवळले तर काही रायफलींत स्टॉक ट्रिगरला घासायला लागतो, आणि बोल्ट वेगळे बसले की छर्ऱ्यांचा गट टार्गेटवर थोडा सरकतो. म्हणूनच दर आठवड्याला रायफल उघडणं हाही उपाय नाही. दर आठवड्याला ब्लोअरची फुंकर, आणि पूर्ण सफाई वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. जोडून झालं की बटवर दणका देऊन तपासणी, वीस ड्राय फायर, पुन्हा दहा वजनं, आणि मगच छर्रा.

एवढं होऊनही दुसरा टप्पा मऊ असेल, तर आता सेटिंगला हात लावायला हरकत नाही. कुठला स्क्रू कशाचा, हे रायफलीगणिक बदलतं. फाइनवेर्कबाउ कंपनीच्या रायफलचं ज्ञान वाल्थर कंपनीच्या रायफलवर चालत नाही. पुस्तिका समोर ठेवा. एका वेळी एकच स्क्रू, तोही एक अष्टमांश फेरा, आणि प्रत्येक बदलानंतर वजन लिहायचं. सिअरची पकड कमी करताना दर वेळी बटवर दणका देऊन बघायचं.

मग तक्रार परत का येते

खोबरेलचं कारण सापडलं म्हणून त्या मुलीच्या रायफलची तक्रार मिटली. इतरांच्या रायफलींत दोन कारणं मला पुन्हा पुन्हा सापडतात, आणि दोन्ही ट्रिगरच्या बाहेरची आहेत.

पहिलं, रायफलच्या पेटीतला फोम. पाच-सात वर्षं जुन्या पेटीतला करडा मऊ फोम दमट हवेत हळूहळू कुजतो. त्याचा कोपरा चिमटीत धरून चोळा. बोटावर चिकट चुरा आला तर तुमच्या ट्रिगरमधला कचरा तिथूनच येतोय, आणि पेटी बदलेपर्यंत कितीही सफाई करा, तो येतच राहणार. हा चुरा कोरड्या धुळीसारखा झटकला जात नाही, गुळासारखा चिकटतो. मी क्लबच्या सगळ्या पेट्यांतला जुना फोम काढून टीव्हीच्या खोक्यात असतो तसला पांढरा पॉलिथिन फोम कापून बसवला. पेटीमागे दोन तासांचं काम होतं. त्यानंतर त्या रायफलींच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

दुसरं, दव. जुलैत बाहेर २९ अंश तापमान आणि दमट हवा असते, रायफल दोन तास एसीत राहून २२ अंशांवर आलेली असते. दाराबाहेर पेटी उघडली की थंड ताकाच्या पेल्यावर जमतं तसं पाणी धातूवर जमतं. बाहेरून पुसलं जातं, ट्रिगरच्या आत तसंच राहतं. चार दिवसांत पिनेवर तांबूस गंजाची ठिपकी येते आणि चाप रेंगाळायला लागतो. उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. हॉलमध्येच रायफल पेटीत घालून पेटी बंद करा. घरी पोचल्यावर तासभर उघडू नका. धातू खोलीच्या तापमानाला आला की मग उघडा, कोरड्या कापडानं पुसा, आणि रात्री पेटी किंचित उघडी ठेवा. सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. नारिंगी दाण्यांच्या घ्या, ओल शोषून हिरव्या झाल्या की बदला. आमची एक मुलगी रत्नागिरीहून शिबिराला येते. तिथल्या खाऱ्या हवेत दर आठवड्याला पुड्या बदलाव्या लागतात असं तिचे वडील सांगतात.

दणका दिल्यावर सुटणारा ट्रिगर, सफाईनंतरही दहा वजनांत मोठा चढउतार, किंवा भिंगाखाली सिअरच्या कडेला दिसणारा टवका, यांपैकी काही असेल तर पुढे घरी काही करू नका. तुमच्या मेकची माहिती असलेल्या आर्मररकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) युनिट द्या. सोबत मार्करच्या रेघांचे फोटो आणि वजनांचा कागद द्या. त्याचे दोन तास वाचतील आणि तुमची सेटिंग तशीच परत मिळेल.

डोंबिवलीच्या आजोबांकडे आता तेलाची बाटली नसते, काटा आणि साबुदाण्याचा पेला असतो. नात महिन्यातून एकदा रायफल आणते तेव्हा सोबत त्यांची वही असते. गिरणीतल्या लॉगबुकसारखे रकाने पाडलेले, तारीख, खोलीचं तापमान, दहा आकडे. मागच्या आठवड्यात ते स्वतः हॉलमध्ये येऊन एसीत मोजून गेले. ११०, १११, ११०, ११०, ११२.